फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन

फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन (जन्म : ३० मार्च १८१८, हाम, मृत्यू : ११ मार्च १८८८, नॉयवीड) हे जर्मनीतील प्रशासक, समाजसुधारक आणि ग्रामीण सहकारी पतपुरवठा पद्धतीचे प्रवर्तक होते. दुष्काळ आणि सावकारी यांनी गांजलेल्या लहान शेतकऱ्यांना दानधर्माऐवजी त्यांच्याच मालकीची पतसंस्था मिळवून देणे हे त्यांचे मुख्य कार्य मानले जाते. तारण म्हणून देण्यासारखे काहीही नसलेल्या माणसाला कर्ज कसे द्यावे आणि ते परत कसे मिळवावे, या व्यावहारिक प्रश्नाचे त्यांनी काढलेले उत्तर ‘राइफायझेन पद्धत’ या नावाने ओळखले जाते. भारतातील १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यातील ग्रामीण संस्थांची रचना याच पद्धतीवर आधारलेली होती.

प्रारंभिक जीवन

राइफायझेन यांचा जन्म प्रशियाच्या ऱ्हाईन प्रांतातील झीग नदीकाठच्या हाम या गावी झाला. नऊ भावंडांपैकी ते सातवे होते. वडील गॉटफ्रीड फ्रीडरिश हे शेतकरी असून काही काळ गावाचे प्रशासकही होते. वडिलांचे छत्र लवकर हरपल्यामुळे कुटुंबाचा भार आई अमाली यांच्यावर पडला. आई अत्यंत धर्मनिष्ठ प्रोटेस्टंट होत्या आणि त्यांच्या संस्कारांचा ठसा राइफायझेन यांच्या पुढील कार्यावर आयुष्यभर राहिला. उच्च शिक्षणासाठी पैसा नसल्याने शालेय शिक्षणानंतरचे अध्ययन त्यांनी गावच्या धर्मोपदेशकांकडे केले.

वयाच्या सतराव्या वर्षी ते प्रशियाच्या सैन्यात तोफखान्यात दाखल झाले. कोलोन आणि कोब्लेंझ येथील सेवेनंतर झाइन येथील लोखंडाच्या कारखान्यात त्यांची निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. मात्र डोळ्यांच्या विकारामुळे १८४३ मध्ये त्यांना लष्करी सेवा सोडावी लागली. हा विकार पुढे वाढतच गेला. लष्करातून ते मुलकी प्रशासनात आले आणि मायेन येथे जिल्हा सचिव म्हणून काही काळ काम केल्यावर १८४५ मध्ये वायरबुशचे ब्युर्गरमायस्टर झाले. ब्युर्गरमायस्टर म्हणजे अनेक गावांच्या गटाचा सरकारनियुक्त प्रशासक. त्याच वर्षी रेमागेन येथील एका औषधविक्रेत्याच्या कन्या एमिली श्टॉर्क यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

वेस्टरवाल्डमधील परिस्थिती

राइफायझेन यांचे कार्यक्षेत्र असलेला वेस्टरवाल्ड हा डोंगराळ, थंड हवेचा आणि निकस जमिनीचा प्रदेश आहे. वारसाहक्काने जमिनीच्या वाटण्या होत जाऊन तेथील शेते लहान झाली होती. शेतकरी वेठबिगारीतून आणि सरंजामी बंधनांतून मुक्त झाला होता, पण बाजारपेठेत उतरण्यासाठी लागणारे भांडवल त्याच्याजवळ नव्हते. शहरातील बँकांना एवढी लहान आणि तारण नसलेली कर्जे परवडत नसत. परिणामी बियाणे, जनावर किंवा धान्य यांसाठी शेतकऱ्याला सावकाराकडे अथवा गुरांच्या व्यापाऱ्याकडे जावे लागे.

गुरे अर्धेलीने पाळायला देण्याची पद्धत येथे रूढ होती. गाय व्यापाऱ्याच्या मालकीची राही, तिला चारा शेतकरी घाली आणि वासरू किंवा नफा यांत व्यापाऱ्याचा वाटा असे. व्यवहार कधी मोडायचा हे बहुधा व्यापारीच ठरवत असल्याने दुभते जनावर अचानक गोठ्यातून नेले जाण्याची टांगती तलवार शेतकऱ्यावर राही. एकदा कर्जात सापडलेले कुटुंब पुढे जमीनही गमावून बसे.

वायरबुश : पावासाठी संस्था

१८४६ मध्ये पीक बुडाले. बटाट्यावरील रोगाने गरिबांचे मुख्य अन्न आधीच हिरावून घेतले होते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात धान्याचे भाव कडाडले आणि गावोगावी उपासमार सुरू झाली. सरकारने वायरबुशसाठी पीठ पाठवले, परंतु ते रोख पैसे घेऊनच विकावे असा आदेश होता. ज्यांना पिठाची सर्वाधिक गरज होती, त्यांच्याजवळ नेमके रोख पैसेच नव्हते. राइफायझेन यांनी आदेश बाजूला ठेवून गरजू कुटुंबांना पीठ उधारीवर दिले.

त्यानंतर गावातील सधन लोकांकडून निधी जमवून त्यांनी पाव संस्था स्थापन केली. संस्थेने घाऊक भावात धान्य विकत घेतले, गावाची सामाईक भट्टी उभारली आणि बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दराने पाव विकला. ज्यांना तेवढेही देणे शक्य नव्हते त्यांना उधारीची सवलत होती. पुढील हंगामासाठी बियाणे आणि बटाट्याचे बेणेही एकत्रितपणे खरेदी करण्यात आले. एकट्या ग्राहकाला न मिळणारा भाव अनेकांच्या एकत्रित खरेदीला मिळतो, हा व्यापारातील साधा नियम त्यांनी येथे प्रथम उपासमारीविरुद्ध वापरला. वायरबुशमध्ये त्यांनी शाळेची इमारतही बांधून घेतली आणि डोंगराळ भागातील शेतमाल ऱ्हाईन नदीपर्यंत नेता यावा म्हणून रस्त्याच्या कामाला चालना दिली. रस्ता नसलेल्या गावाला बाजारभावाचा उपयोग नाही, अशी त्यामागची धारणा होती.

फ्लामर्सफेल्ड : श्रीमंतांची हमी

१८४८ मध्ये राइफायझेन यांची फ्लामर्सफेल्ड येथे बदली झाली. येथे उपासमारीपेक्षा गुरांच्या व्यवहारातील पिळवणूक अधिक ठळक होती. १८४९ मध्ये त्यांनी निर्धन शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी मदत संस्था काढली. परिसरातील सुमारे ६० सधन रहिवासी तिचे सभासद झाले आणि संस्थेच्या कर्जाला त्यांनी आपली संपूर्ण मालमत्ता सामुदायिकपणे जामीन ठेवली. या हमीच्या बळावर बाहेरून भांडवल मिळाले. संस्था गाय विकत घेऊन शेतकऱ्याला देई आणि तो तिची किंमत काही वर्षांत हप्त्यांनी फेडी. पुढे गायीऐवजी रोख कर्जही देण्यात येऊ लागले.

या संस्थेने सावकाराचा विळखा काही प्रमाणात सैल केला. मात्र तिच्या रचनेत एक मूलभूत दोष होता. कर्ज घेणारे एक आणि जोखीम उचलणारे दुसरे अशी तिची विभागणी होती. कर्जदार हा संस्थेचा सभासद नव्हता. त्यामुळे संस्था टिकवण्यात त्याचा थेट हितसंबंध नव्हता आणि सधन सभासदांचा उत्साह हाच संस्थेचा एकमेव आधार होता.

हेडेसडॉर्फ : दानाकडून सभासदत्वाकडे

१८५२ मध्ये राइफायझेन नॉयवीडजवळच्या हेडेसडॉर्फ येथे आले. १८५४ मध्ये स्थापन केलेल्या हेडेसडॉर्फ कल्याण संस्थेची उद्दिष्टे फार व्यापक होती. दुर्लक्षित मुलांचे संगोपन व शिक्षण, तुरुंगातून सुटलेल्यांना रोजगार, ग्रंथालय, गुरांची खरेदी आणि कर्जवाटप ही सर्व कामे तिने हाती घेतली. प्रत्यक्षात कर्जवाटप सोडून बाकीची कामे हळूहळू मागे पडली. अमर्यादित जबाबदारी खांद्यावर घेऊन वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या कर्जाला जामीन राहण्यास सधन सभासदही नाखूश होऊ लागले.

याच सुमारास शहरी कारागीर व लहान व्यापारी यांच्यासाठी पतसंस्था उभारणारे हेर्मान शुल्झे-डेलिच यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. शुल्झे-डेलिच यांच्या संस्था स्वावलंबनाच्या तत्त्वावर चालत. ज्याला कर्ज हवे, त्याने आधी सभासद व्हावे असा त्यांचा नियम होता. राइफायझेन यांचा ओढा ख्रिस्ती परोपकाराकडे असल्याने हा विचार त्यांनी सहजासहजी स्वीकारला नाही. परंतु सलग तीन ठिकाणचा अनुभव त्यांना त्याच निष्कर्षाकडे घेऊन गेला. १८६२ मध्ये आनहाउझेन येथे कर्जनिधी संस्था निघाली आणि १८६४ मध्ये हेडेसडॉर्फच्या कल्याण संस्थेचे रूपांतर हेडेसडॉर्फ कर्जनिधी संस्थेत करण्यात आले. नव्या संस्थेत कर्जदार हाच सभासद, सभासद हाच जामीनदार आणि जामीनदार हाच मालक होता. राइफायझेन यांच्या कार्यातील हे निर्णायक वळण समजले जाते.

राइफायझेन पद्धत

पुढील काळात राइफायझेन यांनी अनुभवाच्या आधारे आपल्या पद्धतीचे नियम निश्चित केले. त्यांतील प्रमुख नियम पुढीलप्रमाणे होते :

लहान कार्यक्षेत्र : एका संस्थेचे क्षेत्र शक्यतो एक गाव किंवा एका चर्चचा परिसर एवढेच असे. कोण कष्टाळू आहे, कोण व्यसनी आहे, कोणाचे पीक बुडाले आणि कोण टाळाटाळ करतो, हे गावात सर्वांना ठाऊक असते. बँकेला जी माहिती मिळवायला खर्च येतो, ती येथे विनामूल्य उपलब्ध होती. मालमत्तेच्या तारणाची जागा या ओळखीने घेतली.

अमर्यादित सामुदायिक जबाबदारी : संस्थेच्या देण्याला प्रत्येक सभासद आपल्या संपूर्ण मालमत्तेनिशी बांधील असे. एकेकट्या गरीब शेतकऱ्याला बाजारात पत नव्हती, पण शंभर शेतकऱ्यांच्या एकत्रित हमीवर ठेवी आणि कर्ज मिळू शकत होते. या जबाबदारीमुळे प्रत्येक सभासद दुसऱ्याच्या कर्जावर लक्ष ठेवी.

उत्पादक कारणासाठी कर्ज : कर्जाचे कारण आधी तपासले जाई आणि रक्कम त्याच कारणासाठी खर्च झाली की नाही याची पाहणी होई. परतफेडीची मुदत शेतीच्या उत्पन्नचक्राशी जुळणारी, म्हणजे बहुधा काही वर्षांची असे.

मानद व्यवस्थापन : कार्यकारी मंडळ आणि पर्यवेक्षक मंडळ विनावेतन काम करत. केवळ हिशेबनिसाला मोबदला मिळे. त्यामुळे लहान संस्थेचा खर्चही आटोक्यात राही.

अविभाज्य राखीव निधी : नफा सभासदांत वाटला जात नसे. तो एका कायमस्वरूपी निधीत जमा होई. संस्था बंद पडली तरी हा निधी सभासदांत वाटून घेता येत नसे. नफ्यासाठी सभासद होणाऱ्यांना यामुळे आपोआप आळा बसे.

कर्जासोबत खरेदी-विक्री : अनेक संस्थांनी खत, बियाणे, पशुखाद्य आणि अवजारे यांची एकत्रित खरेदी तसेच शेतमालाची एकत्रित विक्री सुरू केली. कर्ज स्वस्त मिळाले तरी खत महाग आणि माल स्वस्त असेल तर शेतकरी पुन्हा कर्जातच जातो, हे त्यामागील कारण होते.

१८६६ मध्ये राइफायझेन यांनी कर्जनिधी संस्थांविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रामीण जनतेची तसेच शहरी कारागीर व कामगारांची हलाखी दूर करण्याचे साधन म्हणून या संस्थांचे विवेचन त्यात आहे. संस्थेचे नियम, हिशेब ठेवण्याची रीत आणि अडचणींवरील उपाय यांचाही त्यात समावेश असल्याने गावोगावच्या धर्मोपदेशकांना आणि शिक्षकांना तो मार्गदर्शक म्हणून वापरता आला. ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि चळवळीच्या प्रसाराचे ते प्रमुख साधन ठरले.

व्यक्तिगत जीवन

राइफायझेन यांना सात अपत्ये झाली; त्यांपैकी तीन बालपणीच दगावली. १८६३ मध्ये पत्नी एमिली यांचे निधन झाले. स्वतः राइफायझेन यांची प्रकृती ढासळली आणि दृष्टी अधिकच मंदावली. १८६५ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना शासकीय सेवेतून निवृत्त व्हावे लागले. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते आणि पतसंस्थांच्या कामाचा मोबदला घेणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. उपजीविकेसाठी त्यांनी प्रथम सिगार बनवण्याचा कारखाना काढला आणि नंतर मद्याचा घाऊक व्यापार केला. पुढे त्यांनी दुसरा विवाह केला.

दृष्टी जवळजवळ गेल्यानंतर थोरली कन्या अमाली यांनी वडिलांचे वाचन, लेखन आणि विस्तृत पत्रव्यवहार सांभाळला. त्या अविवाहित राहिल्या. राइफायझेन यांच्या उत्तरायुष्यातील बहुतेक लिखाण त्यांच्या हातून कागदावर उतरले, त्यामुळे चळवळीच्या इतिहासात त्यांच्या सहभागाची स्वतंत्र नोंद घेतली जाते.

मध्यवर्ती संस्था आणि मतभेद

गावातील सर्वच सभासदांना पेरणीच्या वेळी पैसा हवा असतो आणि सुगीनंतर सर्वांकडेच तो शिल्लक राहतो. एका गावापुरत्या संस्थेची ही अंगभूत अडचण होती. एका संस्थेतील शिल्लक दुसऱ्या संस्थेच्या उपयोगी पडावी म्हणून राइफायझेन यांनी १८७२ मध्ये नॉयवीड येथे ऱ्हाईन प्रांतासाठी मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन केली. पाठोपाठ इतर प्रांतांतही अशा बँका निघाल्या आणि १८७४ मध्ये त्यांच्यावर एक शिखर बँक उभारण्यात आली.

या विस्ताराला शुल्झे-डेलिच यांनी तीव्र विरोध केला. त्यांच्या मते सभासदांनी भागभांडवल उभारलेच पाहिजे, अल्पमुदतीच्या ठेवींतून दीर्घमुदतीची कर्जे देणे धोक्याचे आहे आणि सहकारी संस्थांचीच मिळून बनलेली सहकारी बँक कायद्यात बसत नाही. गरीब शेतकऱ्याला भाग विकत घेणे परवडणार नाही आणि शेतीला अल्पमुदतीचे कर्ज निरुपयोगी आहे, अशी राइफायझेन यांची बाजू होती. कायदेशीर मुद्द्यावर त्यांना माघार घ्यावी लागली. १८७६ मध्ये शिखर बँकेऐवजी भागभांडवली कंपनीच्या स्वरूपात नवी मध्यवर्ती कर्जसंस्था काढण्यात आली. स्थानिक संस्थांनाही भाग काढावे लागले. राइफायझेन यांनी त्यांची रक्कम शक्य तितकी कमी ठेवली.

१८७७ मध्ये त्यांनी ग्रामीण सहकारी संस्थांचा संघ स्थापन केला आणि १८७९ मध्ये संघाचे नियतकालिक सुरू केले. केंद्रीकरणाच्या प्रश्नावर त्यांचे सहकारी विल्हेल्म हास यांच्याशी मतभेद झाले. हास यांनी स्थानिक संस्थांना अधिक स्वायत्तता देणारी वेगळी संघटना उभारली आणि कालांतराने ती राइफायझेन यांच्या संघापेक्षा मोठी झाली.

सत्तरावा वाढदिवस काही दिवसांवर आला असताना ११ मार्च १८८८ रोजी राइफायझेन यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांच्या संघात चारशेहून अधिक संस्था सामील झाल्या होत्या.

भारत आणि महाराष्ट्राशी संबंध

राइफायझेन यांच्या हयातीतच दख्खनमध्ये तशीच परिस्थिती उद्भवली होती. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. या कायद्याने सावकाराच्या वसुलीवर मर्यादा आल्या, परंतु शेतकऱ्याला पर्यायी कर्ज कोठून मिळणार हा प्रश्न अनुत्तरित राहिला. विल्यम वेडरबर्न यांनी पुणे जिल्ह्यात कृषी बँक काढण्याची योजना मांडली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा तिला पाठिंबा होता, पण लंडनमधील भारतमंत्र्यांच्या कार्यालयाने ती मंजूर केली नाही.

मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील ग्रामीण बँकांचा अभ्यास करून १८९५ आणि १८९७ मध्ये दोन खंडांत अहवाल सादर केला. भारताला राइफायझेन यांच्यासारखी व्यक्ती आणि पद्धती शोधावी लागेल, असे त्याचे सार होते. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण संस्थांसाठी राइफायझेन यांचे अमर्यादित जबाबदारीचे तत्त्व स्वीकारण्यात आले, तर नागरी संस्थांसाठी शुल्झे-डेलिच यांचा नमुना खुला ठेवण्यात आला. १९०५ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे या कायद्याखालील आरंभीची शेती पतसंस्था स्थापन झाली. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली; महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ही तिचीच उत्तराधिकारी होय. गावची विविध कार्यकारी सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि राज्य बँक ही महाराष्ट्रातील त्रिस्तरीय रचना नॉयवीडमधील प्रयोगाशी मिळतीजुळती आहे.

तथापि दोन्हींत महत्त्वाचा फरक होता. जर्मनीत संस्था आधी उभ्या राहिल्या आणि कायदा मागून आला. भारतात कायदा आणि निबंधक आधी आले. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीने १९५४ मध्ये दाखवून दिले की, अर्धशतकानंतरही शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३.१ टक्के होता. यानंतर शासनाचा भागभांडवलात सहभाग, मोठे कार्यक्षेत्र आणि मर्यादित जबाबदारी यांवर भर देण्यात आला. परिणामी राइफायझेन पद्धतीतील लहान गाव आणि परस्परांची हमी ही दोन्ही तत्त्वे मागे पडली.

मूल्यमापन आणि टीका

राइफायझेन यांच्या कार्याचे महत्त्व त्यांनी गरिबीकडे पाहण्याच्या बदललेल्या दृष्टीत आहे, असे अभ्यासक मानतात. गरीब माणूस बुडवतो म्हणून त्याला कर्ज मिळत नाही, हा प्रचलित समज होता. त्याला बांधून ठेवणारी योग्य रचना मिळाली तर तो परतफेड करतो, हे त्यांच्या संस्थांनी दाखवले. आधुनिक सूक्ष्मवित्त क्षेत्रातील गटहमीच्या पद्धतीत याच तत्त्वाचा पुढील आविष्कार दिसतो.

त्यांच्यावर टीकाही झाली आहे. ज्याच्याकडे थोडीतरी जमीन किंवा जनावर आहे अशा शेतकऱ्यालाच त्यांच्या संस्थांचा प्रामुख्याने लाभ झाला. भूमिहीन मजूर बहुधा बाहेरच राहिले. सभासदांच्या नैतिक वर्तनावरील देखरेख काहींना जाचक वाटे. ज्यू व्यापारी आणि सावकार यांच्याविषयी त्यांच्या लिखाणात पूर्वग्रहदूषित विधाने आढळतात. गुरांच्या व्यापारातील पिळवणुकीचा दोष एका संपूर्ण समाजावर ठेवण्याच्या या वृत्तीची अलीकडील संशोधकांनी चिकित्सा केली आहे.

वारसा

राइफायझेन पद्धतीच्या संस्था इटलीत १८८३ मध्ये, ऑस्ट्रियात १८८६ मध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये १८९९ मध्ये सुरू झाल्या. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील मोठे सहकारी बँकसमूह आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. नेदरलँड्समधील राबोबँकेच्या नावातील पहिले अक्षर ‘रा’ हे राइफायझेन यांच्या नावावरून आले आहे. नॉयवीड येथील ऱ्हाईन नदीवरील एका पुलाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. जर्मनीने सादर केलेल्या प्रस्तावानुसार, समान हितसंबंधांसाठी सहकारी संस्था उभारण्याच्या कल्पनेचा आणि प्रथेचा समावेश २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. २०१८ मध्ये त्यांची द्विशताब्दी जर्मनीत साजरी करण्यात आली.